बस नंबर सातची लिफ्ट कशी झाली

बरबँक, कॅलिफोर्निया
१८ जुलै

ती. आर्डिसताईस,

तुझ्या एकुलत्या भावाचा, म्हणजे लायलचा, साष्टांग नमस्कार. (यंदा तो खरोखर जमिनीवर आडवं पडून घालावा अशी पाळी आली आहे. का, ते पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? मर्लदाजींचं ब्लडप्रेशर? बाबा कानातलं यंत्र अजून शर्टाच्या खिशातच ठेवतात का? मका कितीसा वर आलाय, पाऊस पुरेसा झाला का, चर्चच्या तळघरातलं पाणी ओसरलं का, सगळं सविस्तर कळव. माझी तब्येत उत्तम आहे. म्हणजे ‘उत्तम’ हा शब्द इकडे ज्या अर्थानं वापरतात त्या अर्थानं उत्तम.

तू म्हणशील, घरात फोन असताना हा पत्र का खरडतोय. ताई, फोनवर तू मध्येच “मग कधी?” असं विचारतेस. गेल्या सहा रविवारी सहा वेळा विचारलंस आणि मी सहाही वेळा “ठरतंय, ठरतंय” म्हणालो. पत्राला मध्येच काही विचारता येत नाही. तेव्हा आता खुर्चीत नीट बस, दाजींना हातातलं ताट खाली ठेवायला सांग आणि वाच. सिनेमा होत नाहीये. बसचा नाही, बाबांचा नाही, कशाचाच नाही.

चार ऑगस्टला गावात काय काय व्हायचंय ते मला माहीत आहे, सांगू नकोस. बाबांची जुनी शाळेची बस नंबर सात हर्डलिचकांच्या गोठ्यामागून ओढून काढली, तिच्यातली उंदरांची घरटी साफ केली, पिवळा रंग दिला, हे तूच कळवलंस. बाबा जुनी टोपी घालून स्टिअरिंगवर बसणार, पुढे शाळेचा बँड, वर ‘प्लम हॉलो ते हॉलिवूड’ असा फलक, आणि महापौर (जे एरवी खिळे-मोळे विकतात) भाषण करणार. सहाशे बारा वस्तीच्या गावात हे सगळं उभं राहिलं ते माझ्या फेब्रुवारीतल्या एका फोनवर. त्या फोनबद्दल मी रोज सकाळी दात घासताना स्वतःला शिव्या देतो.

पण ताई, मला त्या दिवशी सांगण्यात आलं तेच मी तुला सांगितलं. कॉर्विन ब्लेलॉक नावाचे एक निर्माते आहेत. पायात मोजे घालत नाहीत, बाकी माणूस सभ्य. त्यांनी बाबांवरच्या माझ्या पटकथेवर तळहात ठेवला, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाले, “लायल, आम्ही हिच्या प्रेमात पडलोय. हा सिनेमा आम्ही करतोय.” आपल्याकडे माणूस ‘करतोय’ म्हणतो तेव्हा त्याच्या हातात फावडं असतं. मी पार्किंगमध्ये जाऊन तुला फोन लावला, तू स्वयंपाकघरातून किंचाळलीस, आणि तासाभरात ते चर्चमध्ये पोहोचलं.

एकोणीस वर्षं इथे काढूनही मी फसावं, याचंच जास्त वाईट वाटतं. कारण इथली बोली मला येते. इथे ‘नाही’ हा शब्दच नाही. आज ज्याला नाही म्हणावं तो उद्या मोठा झाला तर काय, या धास्तीनं कुणी कुणाला नाही म्हणत नाही. सगळे कौतुक करून घालवतात. ‘चांगलं आहे’ म्हटलं की समजावं, वाचून फेकलं. ‘फार आवडलं’ म्हणजे वाचलं नाही. ‘झपाटून गेलोय’ म्हणजे दुसऱ्या कुणीतरी वाचून दोन ओळींत सांगितलं. आणि ‘आपण पुन्हा बोलूच’ म्हणाले की तो माणूस पुन्हा दिसला तर तो फक्त समोरच्या फुटपाथवर. या धंद्यातले लोक धंद्याला ‘गाव’ म्हणतात. ‘गावात तुझं नाव आहे’, ‘गावात चर्चा आहे’. जगात जणू दुसरं गावच नाही. ज्या गावात मी एकोणीस वर्षं राहतो तिथे मला कुणी दारातून हाक मारत नाही, आणि जे सोडून आलो तिथे माझ्या नावाचा फलक रंगवणं चालू आहे.

माझी एजंट मिट्झी फार्बर. वय एकाहत्तर, ऑफिस एका दातांच्या दवाखान्यावर, त्यामुळे तिच्याशी बोलताना खालून कुणीतरी सतत कण्हत असतं. फेब्रुवारीत तिला विचारायला गेलो तर तिचा पहिला प्रश्न, “राजा, पाणी दिलं का रे त्यांनी?” म्हटलं दिलं. “बाटली? गार? किती?” म्हटलं, निघताना आणखी एक हातात कोंबली. मिट्झीनं चष्मा काढून डोळे पुसले. “दुसरी बाटली! राजा, चाळीस वर्षांत मी दुसरी बाटली तीनदा पाहिलीय.” (त्या तिघांचं पुढे काय झालं, हे मी विचारायला हवं होतं.)

आमची गोष्ट मग ‘विकासात’ गेली. विकास म्हणजे काय ते तुला आपल्या हायवेवरून कळेल. आखणी होते, खुणेच्या काठ्या रोवतात, आणि तीस वर्षांनी त्या काठ्यांवर वेल चढलेले असतात. विकासात गेलं की ‘टिपणं’ येतात. टिपणं म्हणजे ज्यांनी पटकथा लिहिली नाही त्यांनी ती कशी लिहावी याबद्दल दिलेल्या सूचना. आणि सगळ्यांच्या तोंडी सारखा हिरवा कंदील. ‘हिरवा कंदील जवळ आलाय’, ‘कंदील मिळाला की सुटलो’. तो कंदील कुणाच्या हातात असतो हे सांगणारा माणूस मला आजवर भेटला नाही.

पहिलं टिपण आलं बर्फाबद्दल. तू त्या दिवशी गालगुंडामुळे घरी होतीस, म्हणून तुला गोष्टीतलं ते हिमवादळ आम्ही पोरांनी सांगितलं तेवढंच माहीत. बाबा तर आजही विचारलं तर “वारा होता” एवढंच म्हणतात. शाळा सुटून निघालो आणि दोन मैलांवर रस्ताच दिसेना. दुसऱ्या दिवशी दुपारी बर्फ हटवणारी गाडी येईपर्यंत बस तिथेच. बाबांनी डब्यातले पाच कोलाचे, ते जर्दाळू भरलेले गोड पाव, खिशातल्या चाकूनं कापून सगळ्यांना सारखे वाटले, स्वतः चाकूला लागलेलं चाटलं. आणि दर पाव तासानं मधल्या वाटेतून मागेपर्यंत जायचे, एकेकाचं पूर्ण नाव घ्यायचे, आणि ‘हजर’ ऐकल्याशिवाय पुढे सरकायचे नाहीत. झोपू द्यायचे नाहीत कुणाला. मलाही ‘लायल कुबिक’ अशीच हाक, परक्याच्या पोरासारखी. त्याचा तेव्हा मला राग आला होता. नऊ वर्षांचा होतो.

तर बर्फ. कॉर्विन म्हणाले, “बर्फाच्या आम्ही प्रेमात आहोत, पण बर्फ थंड आहे.” बर्फाचं वाळवंट केलं. मग मुलं. मी गोष्टीत तेरा मुलं नावानिशी लिहिली होती. (चौदावा मी. स्वतःच्या गोष्टीत स्वतः घुसून बसणारे लेखक इथे ढिगानं आहेत, म्हणून मी मला वगळलं होतं.) मुलांना कायद्यानं दिवसाचे थोडेच तास कामाला लावता येतं, म्हणून तेराची तीन झाली, आणि तिघांना ‘आणखी खोली’ हवी म्हणून ती मोठी होत होत पस्तिशीची झाली. मग ड्रायव्हर. “पन्नाशीचा ड्रायव्हर आम्हाला फार भावला,” कॉर्विन म्हणाले, “तो एकतीस वर्षांचा असेल तर?” केला. मधल्या काळात एक मोठा नट या गोष्टीला ‘जोडला गेला’. जोडला जाणं म्हणजे नक्की काय ते मला अजून कळलेलं नाही, कारण मे महिन्यात तो मला एका रांगेत भेटला तेव्हा हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याला मात्र कल्पना फार आवडली. (वर पाहा.)

मग जूनमध्ये बस गेली. रस्त्यावर फिरणारी बस महाग. त्यापेक्षा माणसं एकाच बंद जागेत अडकली तर घट्ट होईल, असं ठरलं. बसची लिफ्ट झाली. उंच इमारतीत चार माणसं लिफ्टमध्ये अडकतात. मी घरी येऊन दोन दिवसांत लिहून टाकलं, आणि खरं सांगू, वाईटही झालं नव्हतं. ते घेऊन गेलो. कॉर्विननी पानं चाळली, हनुवटी खाजवली आणि अगदी प्रेमानं म्हणाले, “लायल, लिफ्टला ड्रायव्हर कशाला लागतो?”

ताई, मला तिथे उठता आलं असतं. टेबल तरी आपटता आलं असतं. मी काय केलं सांगू? मी म्हणालो, “उत्तम टिपण आहे.” खिशातलं पेन काढलं आणि बाबांवर काट मारली. त्यांच्याच गोष्टीतून, माझ्या हातानं, कॉर्विनचा चहा पीत. पंधरा दिवसांनी मिट्झीचा फोन आला. “राजा, लिफ्टच्या ते वेडे झालेत! फक्त गावात सध्या लिफ्ट चालत नाही म्हणतात. पुन्हा बोलूच म्हणालेत.” मी फोन ठेवला आणि कामावर गेलो.

आता कामाचंही सांगून टाकतो, लाज कोळून प्यायलोच आहे तर. तुम्हाला मी एकोणीस वर्षं सांगत आलो की मी ‘या धंद्यात आहे’. हे वाक्य इथे सगळेच म्हणतात, माझा न्हावीसुद्धा. मी बस चालवतो. तारे-तारकांची घरं दाखवणारी, वरून उघडी, लाल रंगाची बस. रोज पाच फेऱ्या, हातात माइक, आणि निम्मी घरं कुणाची ते मी मनानं सांगतो. फेरी संपली की शेवटच्या सीटपर्यंत जाऊन, वाकून, कुणी राहिलं नाही ना ते बघतो. कंपनीचा असा काही नियम नाही. बाबा एकतीस वर्षं रोज तसं करायचे, ते अंगात आलंय. आजवर तीन छत्र्या, एक कवळी आणि ओहायोची एक झोपलेली बाई सापडली.

तू विचारशील, बाबांची गोष्ट तू त्या लोकांना अशी कापू का दिलीस. त्याचं कारण मार्चमधला तुझाच फोन. मी मूळ पटकथा, बर्फाची, बसची, छापून बाबांना पाठवली होती. तू म्हणालीस, “वाचली त्यांनी.” मी विचारलं, काय म्हणाले? तर म्हणालीस, “म्हणाले, चुकीचं फारसं काही नाही.” तू हसत सांगितलंस. इथे ताई, कुणी ‘झपाटून गेलोय’ याच्या खाली काही म्हणालं तर माणूस अंथरूण धरतो. ‘चुकीचं फारसं काही नाही’ हे मी कितीतरी दिवस चघळत बसलो. फारसं म्हणजे किती? म्हणजे चुकीचं काहीतरी आहेच. त्यांना आवडलं नाही असं मी मनाशी धरलं, आणि ज्याची गोष्ट त्यालाच नको तर बर्फ काय नि वाळू काय, असं म्हणून पुढे प्रत्येक टिपणाला मान डोलावत गेलो.

तेव्हा विनंती एवढीच की हे सगळं तू गावात तुझ्या पद्धतीनं सांग. ‘लांबणीवर पडलं’ म्हण. ‘विकासात आहे’ म्हण, ते तर खोटंही नाही. फलक उलटा करून पुढच्या वर्षी मक्याच्या स्पर्धेला वापरता येईल. परेड होऊ दे, बाबांना बसवा, पण हॉलिवूडचं नाव काढू नका. आणि बाबांना तूच सांग. मी सांगू शकत नाही. मी यायचं म्हणत होतो, पण त्या आठवड्यात आमच्याकडे पर्यटकांची फार गर्दी असते. दाजींना नमस्कार. बाबांना सा. न.

तुझा,
लायल

ता. क. पत्र पाकिटात घालून पुन्हा बाहेर काढलं. पर्यटकांची गर्दी वगैरे खोटं आहे, आणि वरची विनंतीही खरी नव्हे. खरी ही. बाबांकडे जी छापील प्रत आहे ती मला पाठव. माझ्याजवळ बसची गोष्ट उरलेली नाही. कॉर्विन म्हणाले होते, मागे वळून बघायचं नाही, म्हणून प्रत्येक नवा मसुदा मी जुन्यावरच लिहीत गेलो. कॉम्प्युटर उघडला की फक्त लिफ्ट निघते. बर्फ, कोलाचे, ‘हजर’, सगळं आता जगात त्या एका प्रतीत आहे, आणि ती, तू म्हणाली होतीस तसं, बाबांच्या खुर्चीच्या गादीखाली आहे. का हवी म्हणून विचारलं तर काहीतरी सांग. मला नुसती घरात असायला हवी आहे.

ता. क. २ (२१ जुलै). तिकिटं नव्हती म्हणून पत्र अजून इथेच आहे, आणि मध्ये तुझं पार्सल आलं, आत तीच प्रत. वर तुझी चिठ्ठी: “वाचनालयाच्या काचेच्या कपाटात ठेवायचीय, सही करून पहिल्या तारखेच्या आत पाठव. बाबा देत नव्हते, त्यांच्या हातातून अक्षरशः ओढून घेतली.” ताई, तू ती उघडून पाहिलीस का? शेवटच्या पानामागे पेन्सिलीनं नोंदी आहेत, बसच्या वहीत करायचे तशाच. ‘९ मार्च. सुटली सकाळी ७.१०, पोहोचली ९.५५.’ मग १६ मार्च. मग २३. दर रविवारी एक वाचन, थेट १३ जुलैपर्यंत. मी मोजल्या नाहीत, कारण मला नीट दिसत नव्हतं. आतल्या पानांवर एकही खूण नाही. फक्त एकेचाळिसाव्या पानावर, ‘हीटरची दांडी डाव्या हाताला.’ आणि बाविसाव्या पानावर, जिथे ड्रायव्हर नावं घेत मागे जातो, तिथे तेरा नावांच्या खाली, त्यांच्या त्या मोठ्या अक्षरात, ‘एक राहिला. लायल कुबिक. तिसरी रांग, खिडकी. हजर.’

फारसं म्हणजे एवढं होतं. मी त्यांना त्या लिफ्टमधून काढून टाकलं त्याच जून महिन्यात ते दर रविवारी सात वाजता उठून मला बसमध्ये बसवत होते.

ता. क. ३. आज सकाळी मिट्झीचा फोन. कुणीतरी नवे लोक लिफ्टवर झपाटले आहेत, फक्त लिफ्टची बोट करायची आहे. मी म्हणालो, “नाही.” पलीकडून खालच्या दवाखान्यातल्या पेशंटचं कण्हणं स्पष्ट ऐकू आलं. मग मिट्झी हळूच म्हणाली, “राजा, हे असं बोलायला तुला कुणी शिकवलं? हे मी त्यांना सांगितलं तर ते वेडे होतील!” आणि तिनं फोन ठेवला, बहुतेक त्यांना सांगायलाच. होऊ देत वेडे.

तू गावात काही सांगू नकोस. फलक असू दे. मी अठ्ठावीसला निघतो, प्रत माझ्या हातानं घेऊन येतो, आणि सिनेमा होत नाही हे महापौरांच्या आधी मीच त्या बसच्या पायरीवर उभा राहून सांगीन. लोक काय म्हणायचं ते म्हणतील. तू फक्त बघ, तिसऱ्या रांगेत खिडकीपाशी बँडवाल्यांचा ढोल वगैरे कुणी ठेवू नये. आणि बाबांना सांग, मी चढल्याशिवाय गाडी हलवू नका.